झेडवरची लाल फुली

भावाभावांत भांडण झालं की मधल्या माणसाचे हाल होतात, हे जगाला माहीत आहे. मी ज्या दोन भावांकडे नोकरी करते त्यांच्यात मधलं माणूस मीच. कारण आमच्याकडे कॉम्प्युटर मी बघते, आणि ते दोघं एकमेकांशी बोलायचे बंद झाल्यावर कॉम्प्युटर हा एकच सामाईक नातेवाईक उरला होता.

धंदा मंडप डेकोरेशनचा. कळव्याला जुनं ऑफिस आणि त्याला लागून गोडाऊन, खोपटला एसटी डेपोच्या मागे नवीन शोरूम. घराणं इथलंच. आजोबा मिठागरावर राबले, वडिलांनी भातशेती सांभाळून बांबू आणि ताडपत्र्या भाड्याने द्यायला सुरुवात केली, आणि आता दोन्ही मुलांकडे एवढ्या मोठ्या गाड्या आहेत की कळव्याच्या गल्लीत वळवायच्या तर आधी एक माणूस खाली उतरतो. मला नोकरीवर त्यांच्या वडिलांनी ठेवलं. डोंबिवलीची बाई वेळेवर येते, असं त्यांचं मत होतं. पदाचं नाव कॉम्प्युटर ऑपरेटर. त्याचा अर्थ एवढाच, की ज्याला वायर आहे ते सगळं माझं. एकदा मोठ्या वहिनींचा मिक्सरही माझ्या टेबलावर आला होता.

आठवड्यातले तीन दिवस मी कळव्याला मोठ्या शेठकडे बसते, तीन दिवस खोपटला धाकट्या शेठकडे. सगळा कारभार कळव्याच्या कॉम्प्युटरमधल्या एका फोल्डरात आहे. कुठल्या तारखेला कोणाची हळद, कुठला स्टेज कुठल्या गावाला गेलाय, झुंबरं किती शिल्लक, आणि आजवर केलेल्या सजावटींचे फोटो. खोपटच्या कॉम्प्युटरवर हेच फोल्डर इंटरनेटवरून दिसतं, झेड नावाची ड्राइव्ह म्हणून. ती जोडलेली आहे तोवर ठीक. तुटली की झेडवर लाल फुली येते, आणि मग खोपटला बसलेल्या माणसाला कळत नाही की मोराची कमान त्या तारखेला मोकळी आहे की कळव्याने आधीच कोणाला कबूल केली. कमान एकच आहे. मुहूर्ताच्या दिवशी हळदी मात्र गावोगाव असतात.

भांडणाचं कारण एलईडी वॉल, म्हणजे स्टेजमागे लावायचा भलामोठा टीव्हीच. धाकट्या शेठनी ती मोठ्यांना न विचारता घेतली. मोठे शेठ झालरी, फुलं आणि कापडातली माणसं. घरातल्याच एका हळदीला सगळी भावकी जमलेली, नवरा पाटावर बसलेला, आणि नेमकी तेव्हाच ती वॉल काळीठिक्कर पडली. मोठे शेठ माइकच्या शेजारी उभे होते. माइक चालू आहे हे त्यांना माहीत होतं की नव्हतं, यावर अजून दोन मतं आहेत. ते म्हणाले, "बाबानी धंदा उभा केला, यानी खेळनी आनली." अख्ख्या मांडवाने ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून धाकटे शेठ खोपटला जाऊन बसले ते बसलेच.

त्यानंतर सगळं माझ्यामार्फत. "त्याला सांगा, झुंबरं परत पाठव." "दादाला सांगा, पाठवलीत." एकदा दोघं गोडाऊनमध्ये समोरासमोर उभे होते, तरी मीच सांगत होते. दुभाष्याला तसा मान असतो म्हणतात. मला तर चहासुद्धा कोणी विचारला नाही.

दिवाळीनंतर वाटणी करायची असं ठरलं होतं. वकील ठरला होता. गोडाऊनच्या मधोमध भिंत उठणार होती. कामगारांना कोण कोणाकडे जाणार, हे विचारूनही झालं होतं. मला कोणीच विचारलं नव्हतं, आणि त्याचा अर्थ चांगला घ्यायचा की वाईट, तेही कळत नव्हतं. मला वाईट वाटत होतं. नोकरीची काळजी होतीच, नाही कशाला म्हणू, पण या दोघांना मी वडिलांसमोर एका ताटात जेवताना पाहिलं होतं, आणि ते वाईट वाटणं वेगळं होतं.

नेमकी त्याच दिवसांत झेड रोज तुटायला लागली.

सकाळी दुकान उघडून देवाला अगरबत्ती दाखवून होते न होते तोच धाकट्या शेठचा फोन. "मॅडम, परत फुली!" मी कळव्याला असले तर फोनवर सांगायचे, इथे क्लिक करा, तिथे क्लिक करा. ते म्हणायचे, "यार मॅडम, ते तुम्हीच करा ना." मग मी इकडून त्यांच्या कॉम्प्युटरमध्ये शिरून झेड जोडायचे. इंटरनेटवाल्याला मी जेवढं बोलले तेवढं लग्नाला इतकी वर्षं होऊन नवऱ्यालाही बोललेले नाही. तो बिचारा तीनदा येऊन लाइन तपासून गेला. लाइनला काही झालं नव्हतं.

माझा स्वभाव असा, की तीच गोष्ट तिसऱ्यांदा करावी लागली की डोकं फिरतं. एका रविवारी घरी बसून मी त्याचा कायमचा बंदोबस्त केला. इंटरनेटवर लोक एकमेकांना अशा गोष्टी फुकट शिकवत असतात. त्यातलं थोडं इथून, थोडं तिथून उचलून मी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली, म्हणजे कॉम्प्युटरला द्यायच्या हुकमांची यादी. जेमतेम आठ ओळींची. झेड आहे का बघ. नसेल तर जोड. पाच मिनिटं थांब. परत बघ. एवढंच. माझ्या सासूबाई गॅसवरचं दूध याच पद्धतीने बघतात. मोठ्या शेठनी पूर्वी ठरवलेला पासवर्डही मी त्यातच लिहून टाकला. असं करू नये म्हणतात. म्हणणाऱ्यांना रोज सकाळी फोन येत नाहीत.

पहिल्याच दिवशी घोटाळा झाला. स्क्रिप्ट चालली की दर पाच मिनिटांनी पडद्यावर क्षणभर एक काळी चौकट यायची आणि जायची. खोपटला दिवा स्टेशनकडची एक नवरीची आई स्टेजचे फोटो बघत बसली होती. हळदीकुंकवाच्या रंगांतून मधेच काळं! ती खुर्चीतून उठलीच. "अगो बाय, शुभकामात यो काला काय मधीच?" धाकट्या शेठनी हात जोडले, कॉम्प्युटरसमोर नारळ फोडला, आणि बुकिंग पहिल्यापासून सुरू केलं. मंडपाच्या धंद्यात काळ्याला मनाई असते, हे मी विसरले होते.

त्या संध्याकाळी मी ती चौकट लपवली. स्क्रिप्ट चालायची, पण दिसायची नाही. धाकट्या शेठना सांगितलं, "झेडचं काम केलंय, आता फोन करावा लागणार नाही." ते तेव्हा धुराच्या मशीनचा भाव करत होते. "बरं बरं," म्हणाले. बायकांनी केलेल्या कामाला मिळते तेवढी दाद मिळाली, मीही विषय सोडून दिला.

फोन थांबले. झेडवर फुली यायची, पाच मिनिटांत जायची. पण यायची मात्र रोज, आणि साधारण त्याच वेळेला. लाइन चांगली, मशीन चांगलं, मग ही तुटते कशी, हे काही मला सुटेना.

सुटलं ते कळव्याला. मी फाइल ठेवायला मोठ्या शेठच्या केबिनमध्ये गेले. वडिलांच्या फोटोला हार घालून ते नुकतेच बसले होते. कॉम्प्युटरवर त्यांनी एक खिडकी उघडली होती, आपल्या फोल्डरला कोण जोडलेलं आहे हे दाखवणारी. ती उघडायची कशी हे मीच त्यांना शिकवलं होतं, सगळं गोडीत होतं तेव्हा. तिथे एकच नाव होतं, खोपट. मोठ्या शेठनी त्यावर माउस नेला आणि ते काढून टाकलं. मग चहाची बशी ओढली आणि पडद्याकडे बघत बसले.

मी दारात खांबासारखी उभी. इंटरनेटवाल्याची मनोमन माफी मागितली.

चहा संपायच्या आत नाव परत आलं.

"बगा मॅडम," मोठे शेठ म्हणाले. राग नव्हता आवाजात. "मी रोज काढतंय. आन तो रोज येतंय परत. एक सबुद बोलत नाय, पन येतंय." बशी खाली ठेवून त्यांनी डोळे पुसले, चष्म्याच्या काचा पुसल्यासारखं करून. "मना वाटलं व्हतं, त्याला आता आमची गरज नाय."

मी तोंड उघडलं. आत आठ ओळी तयार होत्या. शेठ, तो येत नाही, मी लिहिलेली स्क्रिप्ट येते, तिला भाऊ कळत नाही आणि दादाही कळत नाही. मी तोंड मिटलं आणि फाइल टेबलावर ठेवली. त्यांना खरंच काढायचं असतं तर पासवर्ड बदलता आला असता. तेही मीच शिकवलं होतं. त्यांनी तो बदलला नव्हता.

दुसऱ्या दिवशी खोपटला. धाकट्या शेठनी फुली आलेली पाहिली आणि आरामात मागे टेकून बसले. मी म्हटलं, "जोडू का?" ते म्हणाले, "थांबा हो. दादा आहे तो. सकाळी सकाळी सटकते त्याची, बंद करतो. मग पाच मिनिटांत स्वतःच चालू करतो. मन मोठं आहे त्याचं, पहिल्यापासून." फुली गेली. "बघा," ते म्हणाले, आणि तिकडे कळव्याच्या केबिनमध्ये दुसरा तसाच तृप्त चेहरा बसला असणार, हे मला इथून दिसलं.

आता काय करायचं? खरं सांगितलं तर दोघांच्या मनातली एवढी चांगली गोष्ट मी माझ्या हाताने पुसणार. नाही सांगितलं तर दोघं एकमेकांच्या मोठेपणावर खूश होऊन दिवाळीपर्यंत असेच बसणार, आणि मग वकिलाकडे जाऊन सही करणार. कारण खूश होते म्हणून बोलायला लागले होते, असं अजिबात नाही. उलट आता बोलायची गरजच नव्हती. नवरात्र गेलं. गोडाऊनमध्ये भिंतीच्या विटा येऊन पडल्या. मोठे शेठ त्या विटांना वळसा घालून जायचे आणि केबिनमध्ये जाऊन भावाचं नाव यायची वाट बघायचे. माझा दोघांवरही राग होता. एवढे दांडगे पुरुष, मांडवाचा खांब एका हाताने उचलतील, पण फोन उचलवत नव्हता.

पुढच्या रविवारी माझ्या भावाची आंबिवलीला वास्तुशांत होती. मी फोन पर्समध्ये टाकला, पर्स कपाटात ठेवली, आणि पंगतीत वाढायला उभी राहिले. माझं जेवण झाल्यावर फोन काढला तर धाकट्या शेठचे मिस्ड कॉल ओळीने. मेसेजही होता. त्यांनी मला न विचारता नवीन कॉम्प्युटर घेतला होता, मोठ्या पडद्याचा. जुना त्याच दुकानदाराला देऊन टाकला होता. समोर पार्टी बसली होती, मोराची कमान हवी होती, आणि नवीन कॉम्प्युटरवर झेड नावाची गोष्टच नव्हती.

स्क्रिप्ट त्या जुन्या मशीनबरोबर गेली होती. म्हणजे कळव्याला सकाळपासून मोठे शेठ त्या रिकाम्या खिडकीकडे बघत असणार, आणि त्यांना एकच अर्थ कळणार होता. आज आला नाही. आता येणार नाही.

मी धाकट्या शेठना फोन लावला. बिझी. मोठ्यांना लावला, निदान काहीतरी थाप मारावी म्हणून. बिझी. परत धाकट्यांना. बिझी. वकिलाशी बोलतायत दोघंही, माझी खात्रीच पटली. वहिनी केळीचं पान उचलायला आली तर मी तिच्यावर खेकसले. परत मोठ्यांना लावला. परत बिझी. असं किती वेळ चाललं कोण जाणे, आणि मग केव्हातरी, हातात पानसुपारी घेऊन, माझ्या लक्षात आलं. मी तिथेच चटईवर बसले आणि भावाच्या नव्या घरात सगळ्यांदेखत रडले. सगळ्यांना वाटलं घर बघून भरून आलं.

संध्याकाळी धाकट्या शेठचा फोन आला. "झालं मॅडम. दादाकडून पासवर्ड घेतला."

"एवढा वेळ?"

"अहो, पासवर्ड म्हणजे बाबांच्या पहिल्या टेम्पोचा नंबर. मी म्हणतो शेवटी सात, तो म्हणतो एक. मग तो टेम्पो मुंब्र्याच्या चढावर बंद पडलेला, आम्ही दोघांनी ढकललेला, त्याच्यावर बोलणं निघालं." मग म्हणाले, "एकच होता. दादा बरोबर होता."

सोमवारी कळव्याला मोठे शेठ मला म्हणाले, "खोकला झालाय त्याला. औषध घेत नाय. तुमी सांगा..." आणि मधेच थांबून त्यांनी स्वतःच फोन घेतला. विटा अजून गोडाऊनमध्ये पडून आहेत. वाटणीचं काय झालं ते मला कोणी सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मला मात्र चुटपुट लागून राहिली. मी आणि त्या आठ ओळींनी मिळून पासवर्ड सांभाळला नसता, तर हा फोन गणपतीतच झाला असता.

गुरुवारी खोपटला गेले तर धाकटे शेठ नव्या पडद्यासमोर बसले होते. झेडवर फुली. या वेळी खरोखरच लाइन गेली असावी. "मॅडम," ते म्हणाले, "कायमचं काहीतरी करा ना. आपोआप जोडलं गेलं पाहिजे, आपल्याला कळायला पण नको."

"तसं काही या नवीन कॉम्प्युटरवर चालत नाही," मी म्हटलं.

"मग फुली आली की काय करायचं?"

"दादांना फोन करायचा. त्यांना सगळं माहीत आहे."

"मग तुम्हाला कशाला ठेवलंय?" असं म्हणाले, आणि फोन उचलला.