दादांच्या नावाने कापलेलं कोडं

मुरबाडच्या दादांचा उजवा हात थरथरायला लागला, ते त्यांच्या घराबाहेर सगळ्यांत आधी मला कळलं, कारण त्यांच्या करवतीच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसणारा मीच होतो. दादा मूळचे सुतार. दारं-खिडक्या करता करता त्यांना लाकडी चित्रकोडी कापायचा नाद लागला. प्लायवर चित्र चिकटवायचं आणि अगदी बारीक पात्याने त्याचे एकमेकांत अडकणारे तुकडे पाडायचे. मी भातसानगरला धरणाच्या वर्कशॉपमध्ये फिटर होतो. निवृत्त झाल्यावर दिवस खायला उठायचा, म्हणून शहापूरला एसटी बदलून त्यांच्याकडे शिकायला जाऊ लागलो.

आमचा कोडीवाल्यांचा मेळावा वर्षातून दोनदा भरतो, एकदा मुरबाडला, एकदा शहापूरला. शाळेचा वर्ग मागून घ्यायचा, बाकं जोडायची, नवी कोडी मांडायची. कापणारे आम्ही तिघे-चौघे, बाकीचे जमवणारे. डब्यावर चित्र नसतं, फक्त कापणाऱ्याचं नाव. दुपारपर्यंत सगळे माना खाली घालून तुकडे जुळवतात आणि मग जेवताना बोलतात. दादांचा डबा उघडला की त्या बाकाभोवती गर्दी व्हायची.

हात बिघडल्यावर एका सकाळी त्यांनी मशीन बंद केलं. कापायला घेतलेला तुकडा मोडला होता.

"हात ऐकत नाय रे," ते म्हणाले. "मेळावा जवळ आलाय. ह्या बारीचं तू काप. माझ्यासारखं काप. नाव माझं राहू दे, लोकांना कळायला नको."

मी कापलं. दादांच्या तुकड्यांची गाठ, म्हणजे शेजारच्या तुकड्यात अडकणारं टोक, गोल असायची, बोराएवढी. माझ्या हाताला टोकदार गाठ यायची, किंचित वळलेली, पोपटाच्या चोचीसारखी. ती आवरून मी गोलच काढत गेलो. कुणाला काही कळलं नाही. पुढच्या वेळीही कळलं नाही. लोक दादांची पाठ थोपटत होते, दादा माझ्याकडे बघत नव्हते, आणि मी माझ्या नावाच्या डब्यापाशी बसून होतो. माझ्या डब्याकडे मात्र कुणी फिरकत नव्हतं.

तिसऱ्या वेळी चित्र होतं म्हसा गावच्या जत्रेतल्या बैलबाजाराचं. ते कापताना मी एका बैलाच्या पाठीवरच्या सहा-सात तुकड्यांना माझी चोच दिली. हात चुकला, असं नंतर मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं. पण हात चुकला नव्हता. ते कुणाच्या तरी लक्षात यावं असं मला वाटत होतं.

मेळावा शहापूरला होता. तिथल्या एक निवृत्त शिक्षिका आमच्यातल्या सगळ्यांत जुन्या जमवणाऱ्या. आम्ही त्यांना बाई म्हणतो. डोळे मिटून तुकड्याच्या कडेवरून बोट फिरवायची त्यांना सवय. त्यांनी बैलाच्या पाठीचा तुकडा उचलला, बोट फिरवलं, दुसरा उचलला.

"हे दादांच्या हातचं नाही," त्या सहज म्हणाल्या. त्यांच्या मनात काही वावगं नव्हतं.

वर्गात सगळे थांबले. मला तेव्हा बोलता आलं असतं. माझाच एखादा तुकडा त्यात मिसळला असेल, असं काहीही सांगता आलं असतं. मी गप्प बसलो.

दादा उठून उभे राहिले. "नाय," ते म्हणाले. "ह्याच्या हातचं हाय. मागची दोन पण ह्याचीच. माझा हात गेला."

मग कुणीतरी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या, बाकीच्यांनीही वाजवल्या. दादाही वाजवू लागले. त्यांचा उजवा हात डाव्या तळव्यावर नीट बसत नव्हता, दर वेळी कडेला लागून निसटत होता. तरी सगळ्यांचं थांबेपर्यंत ते वाजवत राहिले.

त्यानंतर ते मेळाव्याला आले नाहीत. मी मात्र दर पंधरा दिवसांनी त्यांच्या घरी जायचो. मशीनवर चादर टाकलेली असायची. एकदा ते आत अंथरुणावर पडून होते, तेव्हा वहिनी ओट्यावर माझ्याजवळ येऊन बसल्या.

"त्यांनी मला इचारलं," त्या हळू आवाजात म्हणाल्या, "त्यानं मुद्दाम केलं आसंल का. मी म्हटलं, नाय वो. तो तसा नाय."

मी चहा तसाच ठेवला आणि आत गेलो. दादांच्या उशाशी बसून सांगितलं, की मी मुद्दाम केलं. तोवर त्यांची जीभही जड झाली होती.

"आधी सांगायचंस," ते म्हणाले. "मी तुझंच नाव घातलं आसतं."

दिवाळी झाल्यावर ते गेले. त्या वर्षी मुरबाडचा मेळावा भरलाच नाही. आता पुन्हा भरतो, पण माणसं कमी येतात. माझ्या डब्याभोवती मात्र गर्दी असते. बाई आल्या की तुकड्यावरून बोट फिरवतात आणि हसून माझ्याकडे बघतात. कुणी विचारलं तर मी दादांकडे शिकलो एवढं सांगतो. बाकीचं दादांशिवाय अजून कुणाला सांगितलेलं नाही.