ग्रहणातली चूल

पंचावन्न सालच्या डिसेंबरात एका दुपारी ग्रहण लागलं आणि माझ्या कळाही तेव्हाच सुरू झाल्या. सासूबाईंनी दारं-खिडक्या लावून मला चटईवर निजवलं होतं.

"गिराण सुटापर्यंत हलू नको गो," त्या म्हणाल्या. मी हलले तर पोर व्यंगाचं होईल, या भीतीने त्याच थरथरत होत्या.

माझे यजमान जामसंड्याला शिक्षक. चंद्र लांब असला की लहान दिसतो, सूर्याला पुरता झाकू शकत नाही आणि भोवती उजेडाचं कंकण उरतं, हे त्यांनी मला दिव्यापुढे सुपारी धरून दाखवलं होतं. ते कंकण लंकेकडे दिसणार होतं. आमच्याकडे सूर्य नुसता कुरतडल्यासारखा. मला सगळं पटलं होतं. तरी कळ आली की मी अंग आवळून निपचित पडायचे.

माझं कण्हणं ऐकून शेजारची ख्रिस्ती सुईण आली. मला तपासून म्हणाली, "काकी, चूल पेटवा. माका कडत पाणी होया."

"गिराणात?"

"पोर काय गिराण सुटाची वाट बघूचा नाय."

सासूबाई जागच्या हलेनात. आता त्या हिला घालवून देणार, असं मला वाटलं. पण त्यांनी देवाला हात जोडले आणि चुलीत लाकडं सारली.

मुलगी झाली तेव्हा ग्रहण सुटलं नव्हतं. सासूबाईंनी खिडकी किलकिली करून तिचे ओठ पाहिले, एकेक बोट चाचपलं आणि भिंतीला टेकून रडू लागल्या.

"बरी आसा," त्या म्हणाल्या, "बरी आसा गो."