जपानहून आणलेला गेम

"तिकडं असं नसतं, ताय," म्हणून तो मान हलवायचा आणि माझं डोकं फिरायचं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली, तिकडं असं नसतं. टँकर सकाळचा दुपारी उगवला, तिकडं असं नसतं. तिकडं म्हणजे नेमकं कुठं, ते कधीच कळायचं नाही. तो मालवाहू जहाजाच्या इंजिनरूममध्ये कामाला होता, त्यामुळे त्याचं 'तिकडं' सारखं बदलायचं. एकदा मी वैतागून म्हटलं, "मग इकडं येता कशाला?" तर हसला आणि म्हणाला, "इकडं पोर हाय ना."

तुमच्याही सोसायटीत असा एखादा शेजारी असेल. वर्षातले बरेच महिने नसतो आणि असतो तेव्हा सगळ्यांच्या मध्ये मध्ये असतो. हा मूळचा उरणचा कोळी. आज्या-बापानं होड्या चालवल्या, हा मोठ्या जहाजावर गेला आणि पनवेलजवळच्या विचुंब्याला आमच्या समोरचा फ्लॅट घेतला. सुट्टीवर आला की बिल्डिंगच्या पंपाचं तेलपाणी करायचा, जिन्यातले बल्ब बदलायचा, गंजलेल्या गेटला रंग लावायचा. मी सोसायटीची खजिनदार, तेव्हा मला हा माणूस फारच परवडायचा. तोंडावर मात्र मी कधी कौतुक केलं नाही. कौतुक केलं की माणसं बिल देतात, असा माझा अनुभव आहे.

जिन्यात एवढा रमणारा माणूस स्वतःच्या घरात मात्र पाहुण्यासारखा बसायचा. त्याला कारण होतं.

त्याची बायको आजारी पडली तेव्हा तो भर समुद्रात होता. पोरगी हॉस्पिटलातून फोनवर विचारायची, "पप्पा, कधी येताय?" आणि हा सांगायचा, "निघालोच." चालत्या जहाजातून मनात आलं म्हणून उतरता येत नाही, हे तिला कुणी सांगितलं नाही. तो पोचला तेव्हा बायकोचं तेरावंही होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून पोरगी बापाशी बोलली नाही. अक्षरसुद्धा नाही. माझ्याशी बोलायची, वॉचमनशी बोलायची, खालच्या मांजरीशी तर तासन्‌तास. बापाला पाणी द्यायचं झालं तर ग्लास टेबलावर ठेवून आत निघून जायची.

अशात त्याच्या म्हाताऱ्या आईनं त्याला फोनवर सांगितलं, की पोर सारखी खालच्या मजल्यावरच्या मुलांचा व्हिडिओ गेम बघत बसते. झालं. जहाज जपानच्या बंदराला लागल्यावर हा पठ्ठ्या बाजारात गेला, दुकानदाराला हातवारे करून आपली पोर केवढी आहे ते दाखवलं आणि एक जुना, पण चालू गेम विकत घेतला. तिथून पनवेलपर्यंत तो त्यानं मांडीवर धरून आणला. कस्टमवाल्यानं पिशवी उघडायला सांगितली तेव्हा गेम त्याच्या हातात न देता आपणच उचलून दाखवला, असं तो स्वतःच मला म्हणाला.

घरी आल्यावर म्हातारीनं नव्या वस्तूची पूजा केली. फूल वाहिलं, उदबत्ती ओवाळली, हळदकुंकू लावलं, तेही नेमकं आतल्या पंख्याच्या जाळीवर, सढळ हातानं. आईला नको म्हणायचा धीर त्याला झाला नाही. गेम चालू केला तसा मागच्या बाजूनं कुंकवाचा फवारा उडाला आणि पांढऱ्या भिंतीवर नक्षी झाली. मग दुपारभर तो जुना टूथब्रश घेऊन जाळी साफ करत बसला. पोरगी आतल्या खोलीच्या दारात उभी राहून बघत होती. हसू दाबत होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. त्यानंही पाहिलं. तेवढ्यावर तो चार दिवस उडत होता.

जपानची वीज आपल्या निम्म्याहून कमी दाबाची असते. इंजिनवालाच तो, त्याला हे ठाऊक होतं. गेम चालू करायच्या आधीच त्यानं पनवेलच्या बाजारातून विटेएवढा जड ट्रान्सफॉर्मर आणला, त्यात गेमचा अ‍ॅडॉप्टर खोचला आणि आम्हाला बजावलं, "थेट भिंतीत लावायचा नाय हां. लावला का जळला." हे तो मला सांगत होता, पण आवाज आतल्या खोलीत जाईल असा लावला होता. लेकीशी बोलायची त्याची तीच एक रीत उरली होती. आईला, मला, नाहीतर भिंतीला मोठ्यानं सांगायचं.

पडद्यावरची सगळी अक्षरं जपानी. कुठलं बटण दाबल्यावर काय होतं, ते तो चाचपडत शिकला. इथून विकत घेतलेली एकही डिस्क त्यात चालेना. दुकानातला मुलगा म्हणाला, "काका, तिकडच्या मशीनला तिकडचीच लागते." राहिला तो खोक्यातून आलेला एकच खेळ, आणि तो नेमका मासेमारीचा. पिढ्यान्‌पिढ्या दर्यावर घालवलेल्या घरात टीव्हीवर गळ टाकून मासे धरायचे! म्हातारी जन्मभर उरणच्या बाजारात मासळी विकलेली. ती चष्मा लावून बघायची आणि म्हणायची, "हा कसला मासा रे? असा वडतात का गळ? तुझ्या आज्यानं बघितलं असतं तर तुलाच पान्यात ढकलला असता."

दोघांनी मिळून खेळायचा खेळ होता. एक रिमोट तो हातात घ्यायचा, दुसरा आतल्या खोलीच्या उंबऱ्याजवळ नेऊन ठेवायचा. मग एकटाच गळ टाकत बसायचा. त्याच्या बाजूला मासा लागायचा, दुसऱ्या बाजूची होडी रिकामी डुलत राहायची. दर वेळी तो मागं वळून बघायचा. पोरगी तो रिमोट ओलांडून पाणी प्यायला जायची, ओलांडून परत यायची. मला ते बघवायचं नाही. मी साखर मागायला गेलेली तशीच परत यायचे.

सुट्टी संपत आली तसा तो माझ्या दारात येऊन उभा राहिला. "ताय, तुमी बोला ना तिच्याशी. मला शिव्या दे म्हनावं. पन दे."

मी बोलले. पोरगी गृहपाठ करत होती. मान वर न करता म्हणाली, "काकू, मला तो गेम नको होता. मला तेव्हा ते यायला हवे होते." मी जसंच्या तसं त्याला सांगितलं. तो जिन्यात पायरीवर बसला आणि लहान मुलासारखा रडला.

निघायचा दिवस आला. एजंटनं पाठवलेली गाडी खाली हॉर्न मारत होती. बॅग घेऊन तो लिफ्टपाशी पोचला आणि घरातून काहीतरी जळाल्याचा वास आला. म्हातारी ओरडली. तो धावला, त्याच्यामागं मी. पोरगी शाळेच्या कपड्यांत भिंतीपाशी उभी होती. गेमचा प्लग थेट भिंतीत होता आणि अ‍ॅडॉप्टरमधून धूर येत होता.

तिनं बापाकडं सरळ बघितलं. "जळलाय. आता नीट करा. नीट केल्याशिवाय जायचं नाही."

एवढ्या दिवसांनी ती बोलली ती ही अशी. त्यानं प्लग उपटला, काळा ठोकळा नाकाशी धरला, गेम उलटसुलट करून पाहिला. "अ‍ॅडॉप्टरच गेलाय बाय. आतलं शाबूत हाय. आल्यावर करतो."

"निघालोच म्हणाल परत."

"नाय म्हननार. कुनी हात लावायचा नाय याला. मीच येऊन करनार."

तिनं त्याचा शर्ट धरला. खाली हॉर्न वाजतच होता. मी म्हटलं, "नका जाऊ हो." तो म्हणाला, "सही केलीय ताय. आज नाय गेलो तर पुन्हा कोन बोलावतंय मला?" मग त्यानं लेकीची बोटं एकेक करून सोडवली आणि जिन्यानं उतरून गेला. लिफ्टची वाट बघायला तो थांबला नाही, कारण थांबला असता तर राहिलाच असता.

त्याचा करार कधीच संपला, तरी तो परत आलेला नाही. जहाज परक्या देशातल्या कुठल्याशा बंदराबाहेर नांगर टाकून उभं आहे. मालक हात वर करून मोकळा झालाय आणि खलाशांना किनाऱ्यावर उतरू देत नाहीत. एजंट माझा फोन उचलत नाही. रेंज मिळाली की त्याचा फोन येतो. पोरगी तो घेऊन गॅलरीत जाते आणि कट होईपर्यंत बोलते. शाळेतलं, मांजरीचं, आजीच्या गुडघ्यांचं, सगळं सांगते. जळलेल्या गेमवरची धूळ रोज पुसते आणि कुणाला हात लावू देत नाही.

परवा त्यानं मला फोन केला. "ताय, एक काम करा. पनवेलात तसला अ‍ॅडॉप्टर मिळंल. तेवढा बदलून द्या, पोरीला खेळू द्या."

"अहो, ते तुम्ही करणार होता ना?"

तो म्हणाला, "इकडं प्यायचं पानी पन मोजून देतात आता. आमच्यातला एक जन आजारी होता, तो काल गेला. मी काय सांगू तिला, ताय? खेळू द्या."

मी बाजारात जाऊन अ‍ॅडॉप्टर आणला. खोकं हातात घेऊन त्यांची बेल वाजवली. पोरीनं दार उघडलं, खोक्यावरचं चित्र बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काकू, हे पप्पांनी आणायला सांगितलं?"

"छे गं," मी म्हटलं, "माझ्या मिक्सरचं आहे. तुझ्या आजीला विचारायला आले होते, बाजारात जायचंय का."

तिनं माझ्याकडं नीट निरखून पाहिलं.

"मग ठीक आहे," ती म्हणाली. "आजी झोपलीय."