भाड्याची गाडी आणि घरमालकाची सही

माझे थोरले दीर माझ्याशी कधी थेट बोलत नाहीत. लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांचं बोलणं तिसऱ्या माणसाला उद्देशून असतं. मी समोर उभी असले तरी सासूला सांगणार, "तिला सांग, नळ बंद कर." सासू घरात नसली तर भिंतीला सांगतील, पण मला नाही. आधी मला वाटायचं हा मान आहे. मान कसला डोंबलाचा! मी उलट उत्तर देऊ नये म्हणून केलेली ती सोय होती.

भावजींची व्हॅन आहे. शहापूर ते सरळगाव शेअरनं चालते. माझं आरोग्य केंद्र त्याच रस्त्यावर, किन्हवलीच्या पुढं, मुरबाड तालुक्यात. तिथं मी औषधांच्या खिडकीवर बसते, वर्षावर्षाच्या करारावर. खिडकी साडेआठला उघडायची असते आणि त्याआधीच वाड्यांवरून चालत आलेल्या बाया पोरं काखेत घेऊन रांगेत बसलेल्या असतात. आता घरचीच गाडी दारातून त्या रस्त्यानं जाते म्हटल्यावर कुणालाही वाटेल, बाईचं नशीब चांगलं. त्या नशिबानं मला सात वर्षं वेळेवर पोचू दिलं नाही.

व्हॅन भरल्याशिवाय सुटत नाही. मी घरची, म्हणून सगळ्यात मागच्या सीटवर, कोथिंबिरीच्या गाठोड्याशेजारी. लोक येतील, बसतील, कुणी पान आणायला उतरेल, आणि मी आपली घड्याळाकडे बघत आतल्या आत धुमसत राहायची. एकदा एसटीनं गेले तर घरात तीन दिवस धुसफूस. घरची गाडी असताना धाकट्याची बायको एसटीला लटकते, लोक काय म्हणतील, असं सासूला ऐकवून झालं. स्कूटीही चालवून पाहिली मी. किन्हवलीच्या अलीकडे खडीवर घसरले आणि मनगटात सळई घालावी लागली. तेव्हापासून दोन चाकांचं नाव काढलं की हात दुखतो.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. ते बरे आहेत, ओरडत नाहीत, म्हणून जास्त भीती वाटते. म्हणाले, रांगेतल्या लोकांनी तक्रार केली आहे, या वेळी तुमचा करार पुढे चालू ठेवा असं मी लिहू शकणार नाही. वेळेवर याल असं काही करून दाखवा, तीन महिन्यांत. मी बाहेर आले आणि खिडकीवर बसून पॅरासिटामॉलच्या पट्ट्या कापत राहिले. डोळ्यांत पाणी होतं, पण ते रागाचं होतं.

नवऱ्याला सांगितलं. नवरा कल्याणला कंपनीत आहे, पहाटेच आसनगावची गाडी धरतो, आणि भावापुढे मूग गिळून बसायची त्याला लहानपणापासूनची सवय. पण एक काम त्यानं चांगलं केलं. त्यांच्या ऑफिसात कुणीतरी छोटी इलेक्ट्रिक गाडी लीजवर घेतली होती. म्हणजे विकत नाही, तीन वर्षांसाठी भाड्यानं. देखभाल त्यांची, विमा त्यांचा, वर्षाला ठरलेल्या किलोमीटरच्या आत फिरायचं आणि मुदत संपली की परत करायची. माझं जाणं-येणं पन्नास किलोमीटरच्या आतलं. एवढ्यासाठी याहून चांगलं काय असणार? पगाराची चिठ्ठी नवऱ्याची लागली. गाडी चालवायला मी शहापूरच्या क्लासमध्ये शिकले, संध्याकाळी, आणि शिकवणाऱ्यानं पहिल्या दिवशी विचारलं की मिस्टर कुठे आहेत, त्यांना नाही का शिकायचं. त्याचंही तोंड मी लक्षात ठेवलंय.

मग कंपनीचा माणूस घर बघायला आला. अंगणात गाडी कुठे लागणार ते पाहिलं, जुनं वायरिंग पाहून मान हलवली. म्हणाला, पंधरा अँपिअरचा वेगळा पॉइंट घ्या, अर्थिंगचा खड्डा नव्यानं करा, मीठ-कोळसा घालून. आणि घरमालकाची ना हरकत द्या, सहीनिशी. त्याशिवाय गाडी सोडत नाहीत.

घरमालक! आमच्या घरात दोन चुली आहेत, अंगण एक आणि मीटर एक. सासू जेवते थोरल्यांकडे. लाइटबिल अजून सासऱ्यांच्या नावानं येतं, त्यांना जाऊन तीस वर्षं झाली तरी. पण घर कुणाचं म्हणाल तर भावजींचं. लाइनमन त्यांनाच हाक मारतो, पोस्टमन त्यांनाच शोधतो, भाऊबंद लग्नाचं आमंत्रण त्यांच्याच हातात देतात. मीसुद्धा इतकी वर्षं माहेरी सांगताना भावजींचं घर असंच म्हणत आले. तेव्हा कागद घेऊन मी गेले त्यांच्याचकडे.

ते ओसरीवर बसले होते. कागद हातात घेतला नाही. शेजारी तांदूळ निवडत बसलेल्या सासूला म्हणाले, "तिला सांग, या घराच्या मीटरला भाड्याची गाडी लागणार नाय. सही तर मुळीच नाय."

सासूनं सांगितलं नाही. सांगायची गरज काय, मी तिथंच उभी होते ठोंब्यासारखी.

पुढचे तीन आठवडे मी जे केलं ते आठवलं की माझी मलाच चीड येते. मी चहा घेऊन गेले. जाऊबाईंना मधे घातलं, त्या म्हणाल्या, मी नाय गो बोलनार त्यांच्यापुढं. नवऱ्याला पाठवलं, तो भावाशी क्रिकेटवर गप्पा मारून परत आला. भावकीतल्या एका काकांना पाठवलं, त्यांना भावजींनी "बघू" म्हटलं, आणि त्या एका "बघू"वर मी आठ दिवस आशा लावून बसले. शिवाय रोज सकाळी त्यांच्याच व्हॅनच्या मागच्या सीटवर. एक दिवस केंद्र कोसभरावर आलं होतं, गाडी गच्च भरलेली, आणि त्यांनी सगळ्या पॅसेंजरांना ऐकू जाईल असं सांगितलं, "आमच्याकडं आता मॅडम झाल्यात. मोबाइलसारखी गाडी चार्ज करनार, आनि आमी बिल भरनार." लोक हसले. पुढं बसलेला एक मास्तरही हसला, शिकलेला माणूस. बिल आम्ही निम्मं भरतो, पहिल्यापासून, आणि पॉइंटला वेगळा सबमीटर लावायची माझी तयारी होती, हे त्या हसणाऱ्यांना कोण सांगणार? माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी गाडी थांबवायला लावली, गाठोड्यावरून पाय टाकून उतरले आणि चालत सुटले. पोचले तेव्हा रांग दारापर्यंत आली होती. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या घड्याळाकडे.

डॉक्टरांनी दिलेली मुदत संपायला पंधरा दिवस होते. मी विचार केला, सही देत नाहीत ना, मग आपला हिस्सा वेगळा करून घेऊ. अर्धं घर नवऱ्याच्या नावावर करायला काय लागतं ते विचारायला दुपारची रजा टाकून ग्रामपंचायतीत गेले. भांडायच्या तयारीनंच गेले होते. तिथल्या क्लार्कला म्हटलं, घराचा उतारा काढा, थोरल्या दिरांच्या नावचा. त्यानं कॉम्प्युटरवर पाहिलं, मग जुनं रजिस्टर काढलं. या नावावर घर नाही, म्हणाला. मी म्हटलं, असं कसं, नीट बघा. त्यानं रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. सासरे गेले तेव्हा दोन्ही मुलं लहान होती. घर सासूच्या नावावर लागलेलं. तेव्हापासून घरपट्टी तिनंच भरलेली, दर वर्षी, स्वतः येऊन. क्लार्क म्हणाला, आजी तर दर मार्चला येतात, तुम्हाला माहीत नाही?

मला माहीत नव्हतं. माझ्या नवऱ्याला माहीत नव्हतं. भावजींना होतं की नव्हतं ते देव जाणे.

घरी आले ती तरातरा मागल्या दारी. म्हातारी वाल सोलत होती. तिचा मला इतका राग आला होता की चपला काढायचं भान राहिलं नाही.

"आई, घर तुमच्या नावावर आहे?"

"मंग कोनाच्या?"

"तीन आठवडे मी त्यांच्यामागं नाक घासत फिरले. तुम्ही समोर बसला होता. बोलला का नाही?"

तिनं वालाची शेंग सोलून दाणे ताटात टाकले. "मला इचारलं कोनी? तो बोलला माजं घर. तू पन त्याचंच घर बोललीस. तुमी दोगं माज्या घरावरनं भांडत होता, नि मी तांदूळ निवडत होती."

मी म्हटलं, घरात अशी पद्धत आहे, मोठ्यांनाच विचारतात. ती म्हणाली, मी काय पाळण्यात हाय का? मग हात पुसले आणि कागद मागितला. प्रौढांच्या वर्गात ती कधीतरी सही शिकली होती. आधी स्वतःचं नाव, मग नवऱ्याचं, मग आडनाव, एकेक अक्षर थांबून लिहिलं. काय लिहिलंय ते मला वाचून दाखवायला लावलं आणि कागद परत दिला.

संध्याकाळी भावजी आले. तिनं त्यांना एवढंच सांगितलं की मीटर तुजा नाय. ते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारीनं मागल्या पडवीत तीन दगड मांडले आणि स्वतःचा भात स्वतः टाकला. मी म्हटलं, आमच्याकडे जेवा. नको म्हणाली. जाऊबाई ताट घेऊन आल्या, त्यांनाही नको म्हणाली.

खड्डा झाला, पॉइंट झाला, गाडी आली. छोटी आहे, पांढरी, हिरव्या नंबरपाटीची. पहिल्याच आठवड्यात मी सव्वाआठला खिडकी उघडून बसले आणि करार पुढे चालू झाला. भावजींची व्हॅन रस्त्यात भेटते. ते बघत नाहीत, मीही बघत नाही. इथवर सगळं माझ्या मनासारखं झालं आणि मला त्याचा आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

फक्त म्हातारी गाडीत बसेना. मी दहा वेळा म्हटलं असेल. परवा पुन्हा म्हटलं, आई, चला ना एकदा, बसा.

"कुटं?"

"चला माझ्याबरोबर. दवाखान्यात डोळे दाखवू. येताना किन्हवलीचा बाजार करू."

"ती तुज्या वाटेवरची कामं." ती चुलीपाशी बसली होती. "मला कुटं जायचंय ते इचारलंस कदी?"

मी तिथंच विचारलं. खरंच विचारलं, खाली बसून, तिच्याजवळ.

ती म्हणाली, "आता नाय सांगत," आणि चुलीत फुंकर घालायला वाकली.

साडेसात वाजत आले होते आणि मला उशीर झालेला चालणार नव्हता. मी उठले आणि गाडीची किल्ली घेतली.