दिगूचे कान

“बाबांना ऐकूच आलं नाही. बाळकाकांनी जिवाच्या आकांताने ओरडून सांगितलं होतं, पण बाबांचे कान तेव्हाच अधू झाले होते.”

हे वाक्य मृदुलाचे. मृदुला म्हणजे माझा मित्र दिगंबर सोहोनी याची मुलगी, आणि बाळकाका म्हणजे मी. गेल्या महिन्यात मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीच्या सभागृहात दिगूची शोकसभा झाली, तेव्हा ती हे बोलली. लोकांनी माना हलवल्या. पहिल्या रांगेत बसून मीही हलवली.

ते वाक्य मी खोडून काढणार आहे. मला ओळखणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही. चुकीचे विधान ऐकून घेणे मला कधी जमलेले नाही. सोसायटीच्या सभेत मागचे इतिवृत्त दुरुस्त करून घेतल्याशिवाय मी कोणाला चहाही पिऊ दिलेला नाही. परंतु या एका विधानापुढे मी इतकी वर्षे गप्प बसलो — आणि आता जे लिहितो आहे ते मी आजवर कोणालाही सांगितलेले नाही. माझी पत्नी सुधा हिलाही नाही. तिच्या अखेरच्या आजारपणात आम्ही तासन्‌तास बोलत असू, तेव्हाही नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणे सोपे जाईल असे वाटले होते. जात नाही.

आधी गोल्फच्या मैदानावरच्या त्या अपघाताविषयी इतरांच्या हकिगती निकालात काढतो.

आमच्या सोसायटीचे सचिव सांगतात की चूक दिगूचीच होती. दुसऱ्याचा फटका बाकी असताना तो मैदानात पुढे गेला. सचिव त्या दिवशी तिथे नव्हते. मी होतो. दिगू आपणहून पुढे गेला नाही — मी त्याला पाठवले. त्याचा चेंडू उंच गवतात पडला होता; तो शोधत बसला असता, आणि माझ्या बरोबरच्या बड्या मंडळींना खोळंबून राहावे लागले असते. मला त्याची लाज वाटली. “तू हो पुढे, शोधायला लाग,” असे मी त्याला म्हणालो. तो गेला.

दुसरी हकिगत सुधाची. माझ्या डोळ्यांवर ऊन आले होते, असे ती मरेपर्यंत सांगत राहिली. डिसेंबरातली दिल्लीची सकाळ, धुके नुकते विरलेले, झाडांच्या शेंड्यांमागे पत्र्याच्या झाकणासारखा निस्तेज सूर्य — त्यात ऊन कुठले? चेंडू मला सुरुवातीपासून शेवटपर्यंत दिसत होता. दिसत नव्हता असे म्हणता आले असते तर किती बरे झाले असते.

आता मूळ गोष्ट. नव्वदीच्या सुरुवातीची ती वर्षे. परदेशी कंपन्या येऊ लागल्या होत्या, गुडगावच्या शेतांत काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या, आणि सरकारी उद्योगात खरेदी विभागात खुर्ची झिजवणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला आपण मागे राहणार अशी धास्ती पडली होती. मल्होत्रा नावाचे एक गृहस्थ टेलिफोनची यंत्रे बनवणारी कंपनी काढत होते. त्यांना खरेदी सांभाळणारा अनुभवी माणूस हवा होता. त्यांनी मला घरी बोलावले, खुर्चीवर बसवले, आणि कामाविषयी एकही प्रश्न विचारण्यापूर्वी विचारले, “गोल्फ़ खेलते हैं?”

“पुणे में काफ़ी खेला है,” मी म्हणालो.

पुण्यात मी कॅरम खेळलो होतो. गोल्फचे मैदान मी आगगाडीतून पाहिले होते.

“तो इतवार को आ जाइए. हल्की-फुल्की गेम है. कोई अपना साथी भी ले आइए, चार हो जाएँगे.”

त्यांनी सांगितलेले मैदान नोएडाच्या कडेला होते. सेक्टरातल्या निम्म्या इमारतींना अजून रंग लागलेला नव्हता. छोटेसे नऊ होलचे सार्वजनिक मैदान; तिकीट काढून कोणीही खेळावे, क्लब, म्हणजे चेंडू मारायच्या काठ्या, भाड्याने मिळत. कुटुंबे पराठे बांधून येत, कोणी कुत्रे फिरवायला येई. तिथे जाऊन मी मधल्या दिवसांत थोडाबहुत हात बसवून घेतला होता, आणि प्रत्येक वेळी दिगूला बरोबर नेले होते.

दिगू माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहत असे. पहाडगंजात वाढलेला, तिथल्याच मराठी शाळेत शिकलेला, केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात नोकरीला. त्याला ना बढतीची घाई होती ना खेळाची हौस. “बाळ्या, एवढ्याशा चेंडूला एवढं मोठं मैदान?” तो म्हणे. “यापेक्षा आपला विटीदांडू बरा, गल्लीत मावतो तरी.” तो यायचा तो केवळ माझ्यासाठी. त्याची खरी जागा म्हणजे शनिवारची संध्याकाळ आणि सोसायटीचे सभागृह. तिथे तो मराठी मुलांना गाणे शिकवी. दिल्लीत जन्मलेली ती पोरे आपसात हिंदीत भांडत आणि मराठीत गात. वीसेक मुले एकत्र गात असली तरी डोळे मिटून दिगू सांगे, “डावीकडून तिसरी, बेटा, तू खाली उतरलीस.” वरच्या मजल्यावरच्या कुकरच्या शिट्टीचा सूरही त्याने एकदा मला पेटीवर काढून दाखवला होता. त्याचे कान म्हणजे आमच्या इमारतीतले कौतुक होते.

गोल्फमध्ये एक रिवाज आहे. मारलेला चेंडू भरकटून कोणाच्या दिशेने निघाला, तर मारणाऱ्याने सगळे बळ एकवटून ‘फोर’ असे ओरडायचे. ते ऐकले की माणूस डोके हातांत घेऊन खाली बसतो. ओरडण्यात कमीपणा नाही, असे खेळणारे म्हणतात. खरे आहे का ते? ज्याने आयुष्यभर हा खेळ खेळला, त्याला नसेल. पण ज्याने पुण्यात काफ़ी खेळल्याची थाप मारली आहे, त्याला? त्याच्यासाठी ते ओरडणे म्हणजे सगळ्या मैदानाला दिलेली ग्वाही — माझा फटका फसला, मला हे येत नाही.

सुरुवातीच्या काही होलांवर माझे नशीब बरे होते. मल्होत्रा दोनदा “वाह, पुणे वाले” म्हणाले. त्यांच्या बरोबर परदेशी भागीदाराचा एक उंच, अबोल माणूस होता. त्यानेही एकदा मान डोलवली. त्या मानेच्या एका डोलण्याने मी किती फुगलो होतो, हे आज लिहिताना मला विश्वास बसत नाही. माणूस इतक्या स्वस्तात विकला जातो का? जातो. मी गेलो.

मग पाचवे होल. दिगूचा चेंडू तोकडा पडून उजवीकडच्या गवतात गेला, मी त्याला पुढे पाठवले, आणि थोड्या वेळाने मी फटका मारला. चेंडू क्लबला लागताच हाताला कळले की फसला. चेंडू उंच चढला, क्षणभर सरळ गेला, आणि मग उजवीकडे वळू लागला. दिगू माझ्यापासून, क्रिकेटच्या मैदानात खेळपट्टीपासून सीमारेषा असते तेवढ्या अंतरावर होता.

वेळच नव्हता, असे तुम्ही म्हणाल. सगळे दयाळू लोक तेच म्हणतील. पण तेवढ्या उंचीवरून चेंडू खाली यायला वेळ घेतो. एक शब्द ओरडायला पुरेल, तो दोनदा ओरडायला पुरेल, इतका. मला हे ठाऊक आहे, कारण त्या वेळात मी काय काय केले हे मला ठाऊक आहे. मी चेंडू कुठे चालला आहे ते पाहिले. दिगू कुठे आहे ते पाहिले. आणि मग मी मान वळवून मल्होत्रांच्या चेहऱ्याकडे पाहिले. ते पाहुण्याशी बोलत होते. फटका त्यांनी नीट पाहिलेला नव्हता.

मी ओरडलो नाही.

घाबरून आवाज फुटला नाही, असे नव्हे. आवाज होता, शब्द तोंडात होता, तो मी गिळला. त्यांचे लक्ष नाही, चेंडू कदाचित दिगूच्या पुढे पडेल, मग कोणाला कळणारही नाही — असा हिशेब मी केला. स्वतःविषयी मला पुष्कळ मते होती, पण आपण असा हिशेब करू शकतो, हे मला त्या सकाळपर्यंत माहीत नव्हते. अजूनही मला त्याचा धक्का बसतो. दाढी करताना बसतो, भाजी निवडताना बसतो.

दिगूचा डावा डोळा गेला. इस्पितळाच्या दारात मल्होत्रांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. “आपने तो आवाज़ दी ही होगी,” ते म्हणाले. तो प्रश्न नव्हता. त्यांनी उत्तरच माझ्या हातात ठेवले होते. रविवारच्या खेळात कोणाचा तरी डोळा जावा आणि दोष कोणाचाच नसावा, हे त्यांनाही सोयीचे होते.

“जी, दी थी,” मी म्हणालो.

हिंदीत बोललेले खोटे घराबाहेर राहील असे मला वाटले असावे. दुसऱ्याच दिवशी ते मला मराठीत बोलावे लागले. दिगूला त्या सकाळचे गवत आठवत होते, गवतातला चेंडू आठवत होता. पुढचे सारे पुसले गेले होते. पट्टी बांधलेले तोंड माझ्याकडे करून त्याने विचारले, “तू ओरडलास म्हणे?”

“हो. केवढ्याने तरी.”

त्याने पट्टीवरचा हात कानाकडे नेला. मग म्हणाला, “मला काही ऐकू आलं नाही रे. डोळा गेला, कान गेले. आता सरकारने मला सल्लागार नेमायला हरकत नाही.”

मी हसलो. त्याच्या विनोदाला मी हसलो, एवढे लक्षात ठेवा.

नोकरी मला मिळाली. ती मी निवृत्त होईपर्यंत केली, आणि चांगली केली. ते मी नाकारणार नाही. दिगूने शनिवारचा वर्ग बंद केला. पेटी सोसायटीला देऊन टाकली. एका डोळ्याने त्रास होत असेल, असे मी समजलो. समजलो म्हणजे काय — तसे समजणे मला परवडणारे होते. गाणे शिकवायला डोळा कशाला लागतो, हा प्रश्न समोरच्या फ्लॅटमध्ये राहून इतक्या वर्षांत मला एकदाही पडला नाही? इतरांच्या इतिवृत्तातला काना-मात्रा दुरुस्त करणाऱ्या मला?

उत्तर मला शोकसभेत मिळाले. मृदुला पुढे सांगत होती. अपघातानंतर बाबांनी कान तपासून घेतले होते. दोन्ही कान उत्तम निघाले. “पण बाबा म्हणाले, यंत्र चुकेल, बाळ्या खोटं बोलायचा नाही. ज्याला एवढी मोठी हाक ऐकू येत नाही, त्याने पोरांचे सूर सुधारू नयेत.” ती माझ्याकडे पाहून प्रेमाने हसली. मी खुर्चीचा हात धरून बसलो होतो. माझ्या तोंडातून शब्द फुटला नाही; या वेळी खरोखरच फुटला नाही.

सभा संपताना कोणीतरी तिला बाबांच्या आवडीचे भजन म्हणायचा आग्रह केला. लहानपणी ती फार सुरेख गायची. ती नको म्हणाली.

“आमच्या घरात कान लवकर जातात. मी दरवर्षी तपासून घेते. नीट आहेत म्हणतात डॉक्टर. पण बाबांचेही नीटच आले होते ना? आपण बेसूर होतोय हे आपल्याला कळणारच नसेल, तर कशाला चारचौघांत गा?”

एवढे बोलून ती खाली बसली, आणि तिच्या शेजारच्या बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. डोळ्याचे पाप माझ्या माथी आहे, हे मी जाणून होतो. परंतु एका माणसाचा स्वतःच्या कानांवरचा विश्वास मी काढून घेतला, आणि तो अविश्वास त्याने आपल्या मुलीला देऊन ठेवला — हे मला त्या सभागृहात, चहाचे कप वाजत असताना, प्रथमच कळले.

म्हणून मृदुलाचे वाक्य खोडून काढणे भाग आहे. पहिला भाग खोडला: हाक मारलीच नव्हती. दुसऱ्या भागावर कोणी हटून बसेल. म्हणेल, तुम्ही ओरडला नाहीत हे मान्य, पण त्याचे कान शाबूत होते याला पुरावा काय? यंत्राचा निर्वाळा तर त्याने स्वतःच झिडकारला होता.

पुरावा आहे, आणि तो फक्त माझ्यापाशी आहे. मी ओरडलो नाही, पण गप्पही राहिलो नाही. चेंडू वळताना दिसला तेव्हा, मल्होत्रांकडे पाहण्याआधी, मी नेहमीच्या बोलण्याच्या आवाजात ‘छे’ म्हणालो. सराईत खेळाडू म्हणतो तसे — असा फटका माझ्या हातून एरवी होत नाही, हे शेजारी उभ्या असलेल्यांना कळावे म्हणून. दिगू तेव्हा पुढच्या निशाणाकडे तोंड करून, वाकून, गवतात चेंडू शोधत होता. त्याची पाठ माझ्याकडे होती. मागून आलेला चेंडू पाठमोऱ्या माणसाच्या डोक्याला लागतो, मानेला लागतो, खांद्याला लागतो. डोळ्याला लागत नाही.

तेवढ्या लांबून माझे ‘छे’ ऐकून तो वळला होता.