परातीवरचं नाव

देवीवर माझा विश्वास कामापुरता. नारळ फोडायचा आणि वाटेला लागायचं. निवृत्तीनंतर पारनेरच्या घरी बसून मी घराण्याची वंशावळ संगणकावर उतरवली. सातबारे, फेरफार, जुन्या पत्रिका मोबाईलने स्कॅन केल्या, प्रत्येक कागदाला क्रमांक दिला, एक्सेलमध्ये आईकडच्या आणि वडिलांकडच्या पिढ्या ओळीने बसवल्या. त्याचा मला अभिमान होता, जरा जास्तच. आईने तक्ता पाहून एकच विचारलं, "माझ्या आईचं माहेरचं नाव कुठं हाय यात?"

आजी गेली तेव्हा आई वर्षाची होती. लग्नात तांदळावर नवं नाव लिहायची रीत; तशी आजी लक्ष्मी झाली आणि जुनं नाव तिच्या माहेरी, काष्टीलाच राहिलं. आई आता अंथरुणाला खिळलेली. पितृपंधरवड्यातल्या अविधवा नवमीला सवाष्ण गेलेल्या बाईचं पान वाढतात. यंदा ते आपल्या आईच्या पहिल्या नावाने वाढावं, एवढंच तिचं मागणं. मी फायलींत शोधून दमलो. आजीच्या वडिलांच्या, म्हणजे माझ्या पणजोबांच्या वारसनोंदीत पाच मुलगे होते, मुलीचा पत्ता नव्हता. दोष तरी कुणाला द्यायचा? माझ्या तक्त्यातही माहेरच्या नावाचा रकाना मी ठेवला नव्हता.

नवमीच्या आदल्या दिवशी काष्टी गाठली. आजीच्या माहेरचे लोक जमीन विकून केव्हाच पांगलेले. तलाठी कार्यालयात जुन्या नोंदी मिळतील वाटलं, तर तिथे सर्व्हर बंद. हात हलवत परतायचं म्हणून गावदेवीच्या देवळात टेकलो, मनात नुसती चिडचिड. नवरात्र जवळ आलं होतं, म्हणून एक म्हातारी देवीची भांडी चिंचेने घासत बसली होती. "मोबाईल ठिव बाजूला, पानी वत जरा," ती म्हणाली. मी मोबाईल ठेवून पाणी ओतू लागलो. काळी परात उजळत गेली आणि काठावर कोरलेली अक्षरं दिसू लागली. पणजोबांचं नाव, आडनाव, आणि पुढे 'कन्या सगुणा हिच्या लग्नाप्रीत्यर्थ'. पाच भावांत आजी एकटीच बहीण, हे आईने शंभरदा सांगितलेलं.

म्हातारीला सारं सांगितलं. ती परात पुसत म्हणाली, "दरसाली घासते मी ही. वाचता न्हाई येत मला." मी फोटो काढला, क्रमांक द्यायचं त्या दिवशी राहूनच गेलं.

याला कुणी योगायोग म्हटलं तर माझा वाद नाही. सर्व्हर चालू असता तर मी त्या देवळाची पायरी चढलो नसतो, एवढं खरं. नोंदी आपण सांभाळतो असं मला वाटत होतं. सांभाळणारी दुसरीच कुणीतरी आहे, आणि तिचे उपकार मानायला मला फार उशीर झाला.

दुसऱ्या दिवशी पान वाढलं. आईला उशीला टेकवून बसवलं. ऐंशी ओलांडलेल्या माझ्या आईने, ऐन विशीत गेलेल्या आपल्या आईला पहिल्यांदा नावाने हाक मारली. "सगुणा, जेव बाई." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "माझं बी लिहून ठिव."

तक्त्यात आता नवा रकाना आहे. त्यात सगुणाच्या खाली आईचं माहेरचं नाव आहे. ते मला लहानपणापासून ठाऊक होतं.