मामंजींचं अर्घ्य

आमचे मामंजी डोक्यावर उभे राहून लोकांशी बोलत. थट्टा नाही, खरंच. सकाळचं अर्घ्य आटोपलं की ओसरीवर घोंगडीची चौघडी टाकून ते शीर्षासनात जात, आणि त्या वेळेला कुणीही येवो, खाली उतरत नसत. तहसिलीचा गिर्दावर, म्हणजे सारा तपासणारा अंमलदार, आला तर त्याला अंगणात उभं राहून, मान वाकडी करून, जोत्याला कान लावल्यासारखं बोलावं लागे. मी नवी नवरी म्हणून घरात आले त्याच्या दुसऱ्या दिवशी लग्नाला जमलेल्या बायकांनी मला ढकललं, "जा, मामंजींच्या पाया पड." सासूबाई माझ्या लग्नाआधीच वारल्या होत्या, तेव्हा घरात मोठं असं तेच एक माणूस. गेले, तर पाय वर छताकडे! खाली पांढऱ्या मिशा आणि लालबुंद तोंड. ते उलटं तोंड मला म्हणालं, "लाव हात, सूनबाई. वरी गेले म्हून काय झालं, पायच हायेत ते." मी टाचा उंच करून अंगठे शिवले. सोळा वर्षांची होते. हसू दाबता दाबता डोळ्यांत पाणी आलं.

मामंजी गावचे पाटील. आमचं गाव कुंभार पिंपळगावपासून दोन कोसांवर, निजामाच्या राज्यातलं. तरुणपणी त्यांना दमा होता. शहागडला गंगेच्या, म्हणजे आमच्या गोदावरीच्या, काठी कुणी गोसावी उतरला होता, त्यानं त्यांना आसनं आणि श्वास धरायला-सोडायला शिकवलं. दमा गेला तो परत आला नाही. तेव्हापासून त्यांनी दोनच देव मानले, एक सूर्यनारायण आणि दुसरा आपला श्वास. "श्वास मुठीत ठिवा," ते म्हणत, "मंग दुखणं दारात उभं राहून निघून जातंय." आणि दवाखान्याचं नाव काढलं की म्हणत, "दवाखाना म्हंजी बिनकामाच्या लोकाची चावडी."

हे सगळं थोतांड होतं असं मी म्हणणार नाही. माझी अर्धशिशी त्यांनी घालवली. नाकाच्या एका बाजूनं कोमट मिठाचं पाणी ओतून दुसऱ्या बाजूनं काढायला लावलं. आठ दिवस शिंकून शिंकून बेजार झाले, पण डोकं दुखायचं थांबलं ते थांबलंच. कुंभाराची म्हातारी रात्रभर खोकायची, तिच्याजवळ बसून ते तिला श्वास मोजायला शिकवत. पाटीलकीचा तोरा तिथं नसे. कुणाची पाठ धरली, कुणाचं पोट गच्च झालं, की माणूस आमच्या ओसरीवर हजर. गावाचा त्यांच्यावर जीव होता, आणि माझाही होता.

गावात एकच बारव. चाळीसेक पायऱ्या उतरून जायचं, घागर बुडवायची, पायही बुडायचेच. मामंजी रोज उजाडता तिथं कमरेइतक्या पाण्यात उभे राहत, बारा बुड्या मारत आणि सूर्याला ओंजळीनं अर्घ्य देत. त्यांच्या मागं वीस-पंचवीस माणसं उतरत. अर्घ्य झालं की मामंजी उभे असत त्याच जागचं पाणी प्रत्येक जण ओंजळीत घेऊन तीर्थ म्हणून पिई. पहिली ओंजळ मुलाची, म्हणजे माझ्या नवऱ्याची.

आजच्या पोरांना नारू काय ते ठाऊक नसेल. पायातून दोऱ्यासारखा पांढरा किडा बाहेर येतो, चांगला हातभर लांब. ओढून काढता येत नाही. तुटला की पाय सुजून सडायला लागतो. काडीला गुंडाळत रोज दोन बोटं काढायचा, असा महिना-महिना. ऐन पेरणीच्या तोंडावर धडधाकट गडी दारात पाय पसरून बसलेले असायचे. मामंजी त्यांना चिडवत, "नारू आळशाला व्हतो रे. सकाळी घाम काढणाराच्या वाटंला जात न्हाई. माझ्या अंगाला कधी शिवला का? सांगा बराबर!" आणि तोवर शिवला नव्हता, हेही खरं.

माझ्या लग्नाचं तिसरं वर्ष, वैशाख. मामंजी बारवेवरून आले आणि मला माजघराच्या दाराशी बोलावून म्हणाले, "सूनबाई, जुनं धोतर फाडून चिंधी आण. बाभळीचा काटा मोडलाय." चिंधी बांधायला खाली वाकले. घोट्याच्या वर फोड फुटला होता आणि त्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं. माझ्या आईच्या पायात मी ते पाहिलेलं होतं. मी वर बघितलं. त्यांनीही माझ्याकडं बघितलं.

"काटाच हाय," ते म्हणाले. आणि जरा थांबून, "पोटात राहू दे, पोरी. लोकाचा भरवसा हाय माझ्यावर. एका चिंधीपायी तो जाया नको."

पोरी म्हणाले मला! एवढ्या मोठ्या माणसानं आपलं गुपित माझ्या हाती दिलं, यानंच मी फुलून गेले. महिना-दोन महिने रोज गुपचूप चिंधी बदलली. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नाही. मामंजी बारवेत उतरतच होते. "पाण्यात पाय घातला की आग थांबती बघ," म्हणायचे. मला वाटायचं, बरंच आहे की.

आषाढात तालुक्याचे डॉक्टर गावात आले. मुसलमान गृहस्थ, वयस्क, अदबशीर. मामंजींसमोर ओसरीवर बसले. मी दाराआड चहा घेऊन उभी.

"पाटीलसाब," डॉक्टर म्हणाले, "ये नारू पानी से होता. जिसके पाँव में नारू है, उसने बावडी में पाँव डाला की पूरे गाँव का पानी खराब. वो पानी आज पिये, तो सालभर के बाद कीडा निकलता. लोगां कू बोलो, बावडी में नक्को उतरो, पानी कपडे से छान के पिओ. उस मारवाडी शेठ के घर में देखो, एक कू बी नारू नै. हमारी बात कोई नै सुनता, तुमारी सुनते."

शेठ म्हणजे गावातलं एकुलतं एक जैन घर, किराणा दुकानाचं. पाण्यातले जीव मरू नयेत म्हणून शेठाणीबाई प्रत्येक घागर दुहेरी फडक्यानं गाळायच्या. आम्ही बायका त्यांना हसायचो, पाण्याला लुगडं नेसवतात म्हणायचो. डॉक्टरांचं ते बोलणं ऐकलं आणि मी दाराआडून मामंजींच्या पायाच्या चिंधीकडं बघितलं.

मामंजी हसले. "डाक्टरसाब, मंग सूर्यनारायणाला अर्घ्य द्याया मी काय घंगाळात उतरू? इतक्या पिढ्या हेच पाणी पिऊन राह्यल्या. ज्याच्या मनात मैल, त्याच्या पायात नारू. पाण्याला दोष लावू नका." असं म्हणत त्यांनी चिंधी बांधलेला पाय हळूच मांडीखाली घेतला. म्हणजे त्यांना कळलं होतं. बिलकुल कळलं होतं.

आणि मी? मी चहा दिला आणि आत गेले.

दुसऱ्या दिवसापासून मी घरचं पाणी गाळायला लागले. कुणी विचारलं तर कचरा असतो म्हणायचे. पण बारवेतलं तीर्थ घेऊ नका, हे नवऱ्याला कसं सांगणार? सांगितलं असतं तर का ते सांगावं लागलं असतं. दोन-तीनदा शब्द अगदी ओठांवर आले. एकदा त्यांनीच विचारलं, "काय गं, काही सांगायचंय का?" मी म्हटलं, "काही नाही, भाकरी गार होऊन राह्यली."

बरोबर वर्षानं, पुढच्या जेठात, गावात घराआड घर पाय धरून बसलं. इतका नारू कुणी कधी पाहिला नव्हता. तीर्थ घेणाऱ्यांपैकी क्वचितच कुणी सुटला. माझ्या नवऱ्याच्या गुडघ्याखाली फोड आला. त्यांचं नाव माणिकराव. आयुष्यभर उखाण्याशिवाय घेतलं नाही, आता घेते.

न्हावी रोज येऊन काडीला दोन बोटं गुंडाळून जाई. मामंजींना ते पसंत नव्हतं. "हालचाल बंद केली म्हून किडा अडकून राह्यला," ते मुलाला म्हणाले. "नमस्कार घाल. सूर्यनारायणाचं नाव घे, आपोआप मोकळा व्हईल." मुलानं बापाचा शब्द कधी मोडला नव्हता. चौथ्या दिवशी नमस्कारात गुडघा टेकताना किडा आतच तुटला. आवाज काही झाला नाही. हे नुसतं "आई गं" म्हणाले.

पाय कोहळ्यासारखा सुजला. मी म्हटलं, गाडी जुंपा, तालुक्याला न्या. मामंजी म्हणाले, "जल्दी करू नको, सूनबाई. माझा दमा गेल्ता तसा हाही जाईल." तीन दिवस ते मुलाच्या उशाशी बसून होते. जेवले नाहीत. त्याच्या छातीवर हात ठेवून त्याच्याबरोबर श्वास मोजत होते, "घे बाळा, धर, आता सोड." त्यांचं प्रेम नव्हतं असं कुणी म्हणू नये. प्रेम होतं, आणि त्या प्रेमाला आग लागो असं मला वाटत होतं. तिसऱ्या दिवशी माणिकरावांची दातखीळ बसली, अंग धनुष्यासारखं ताणलं. तेव्हा कुठं गाडी जुंपली. तालुक्याची वेस दिसायच्या आधीच ते गेले.

तेराव्यानंतरची सकाळ. मामंजींनी धोतर खांद्यावर टाकलं, तांब्या घेतला आणि बारवेकडं निघाले. मी उंबऱ्यात आडवी झाले. सासऱ्यासमोर पदर न घेता उभी राहण्याची ती पहिलीच वेळ.

"आज पाण्यात उतरलात," मी म्हटलं, "तर मी चावडीवर जाऊन चिंधीची गोष्ट सांगीन."

त्यांच्या तोंडावरचं रक्त उतरलं. "लोकाचा भरवसा गेला तर त्यांनी कुणाकडं बघावं, सूनबाई?"

"माझ्याकडं बघावं. कपाळ बघावं माझं."

त्यांनी खांद्यावरचं धोतर काढून खुंटीला टांगलं. मी बाजूला झाले. ते गेले, पण पाण्यात उतरले नाहीत. वरच्या पायरीवर थांबून जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं, "सूर्यनारायण सपनात आल्ते. बारवेला विटाळ झाला म्हणले. आजपासून कोणी पाय घालायचा न्हाई. वरून रहाटानं पाणी काढायचं आन दुहेरी फडक्यानं गाळून प्यायचं."

झालं! त्याच दिवशी पायऱ्यांवर बाभळीच्या काट्या पडल्या. महिन्याभरात रहाट बसला. घरोघरच्या रांजणांवर फडकी दिसायला लागली. डॉक्टरबिचारे हेच सांगून सांगून थकले होते, त्यांच्या सांगण्यानं एक घागर गाळली गेली नव्हती. मामंजींच्या खोट्या स्वप्नानं अख्खं गाव गाळून प्यायला लागलं. पुढच्या उन्हाळ्यात मागचं राहिलेलं थोडंफार निघालं. त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात गावात नारूचा एकही पाय नव्हता. पंचक्रोशीतून माणसं मामंजींच्या दर्शनाला यायला लागली. पाटलांच्या तपानं नारू पळाला, म्हणायची.

मूल नव्हतं, माहेरी भाऊ-भावजयीचा संसार. कुठं जाणार? सहा वर्षं मी त्याच घरात त्यांना वाढलं. आम्ही लागेल तेवढंच बोलायचो. शीर्षासन त्यांनी सोडलं होतं. लोक विचारत, तर म्हणत, "आता वय झालं." मी वाट बघायचे. आज तरी म्हणतील, सूनबाई, माझं चुकलं. रोज ताट वाढताना वाट बघायचे. पोलीस ॲक्शनच्या आधीच्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले, तेव्हाही त्यांचं तोंड पुसताना वाट बघितली. बोलता येत होतं तोवर ते श्वासच मोजत राहिले. बोलले नाहीत ते नाहीतच.

त्यांच्यावर रागवायला मला काही कष्ट पडत नाहीत, चाळीस वर्षं मी ते काम नीट केलं आहे. पण रागाचा भर ओसरला की दाराआडची ती मी दिसते, कप-बशी हातात घेतलेली. उंबऱ्यातली ती धमकी मी आषाढातल्या त्या दिवशी दिली असती, तरी ते असेच घाबरले असते. असंच स्वप्न त्यांना पडलं असतं. एवढं तर मला आता ठाऊक आहे, की ते चिंधीला किती भीत होते.

मामंजींच्या चौदाव्याला गाव जमलं. बारवेच्या तोंडाशी त्यांच्या पादुका बसवायचं ठरलं होतं, आणि घरातलं म्हणून पहिलं फूल मी वाहावं असं सगळ्यांचं म्हणणं. कुंभाराची सून, जिची म्हातारी सासू त्यांच्यामुळं शेवटची वर्षं सुखानं झोपली, माझा हात धरून रडायला लागली. "वहिनी, देवमाणूस व्हता. एका शब्दानं गाव वाचवलं त्यांनी."

"हो," मी म्हटलं. "एका शब्दाचंच काम होतं."